ओलं बारदान

लातूरकडच्या मुरुडच्या जिलानी ताटीवाल्याला कुणी उलट बोललेलं खपत नसे. माणूस वाईट नव्हता हो, पण तोंड असं की समोरच्यानं "पण" म्हणायच्या आत ह्याचं पुढचं वाक्य सुरू. बायको रजिया लग्न होऊन आली त्याच साली हे ओळखून बसली. तिला काही पटलं नाही की ती भिंतीकडं बघून बोलायची. भिंत भांडत तरी नाही.

घराणं वाळ्याच्या ताट्यांचं. आजानं निजामाच्या राजवटीत कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे बांधले, बापानं लातूरला साहेबलोकांच्या बंगल्यांना बांधले. वाळ्यावर बाहेरून पाणी मारलं की उन्हाळ्याची झळ त्यातून गार होऊन, वास घेऊन आत यायची. मग घरोघर कूलर आले आणि ताटीला कुणी विचारेना. जिलानीनं काही उन्हाळे कूलरांत गवत भरत काढले, तेही एकेका कूलरला शिव्या देत. कूलर म्हणजे आमचीच ताटी डब्यात कोंबलेली, असं तो म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मग रानोरान पोल्ट्रीची शेडं उभी राहिली आणि गड्याचं नशीब उघडलं. वर तापलेला पत्रा, दोन्ही अंगांना जाळी, आत दाटीवाटीनं पांढऱ्या कोंबड्या. कोंबडीला घाम येत नाही. तिचा सगळा कारभार श्वासावर. चोच उघडायची, धापा टाकायच्या आणि अंगातली उष्णता बाहेर फेकायची. मराठवाड्याच्या उन्हात ते तिला कुठवर झेपणार? दुपार झाली की पटापट माना टाकायच्या. जिलानीनं पत्र्याला चुना मारला, वर उसाचं पाचट अंथरलं आणि दोन्ही जाळ्यांवर गोणपाटाचं दुहेरी बारदान सोडलं. उंच टाकीला जोडलेला, भोकं पाडलेला पाइप वरून फिरवला, त्यातून बारदानावर थेंब थेंब पाणी, आणि आत पंखे. बारदान वळचणीपासून थेट भुईपर्यंत, खाली दगडांनी दाबलेलं, कडेला कड सुतळीनं शिवलेली.

"सुई शिरंल एवढी फट ठिवायची न्हाई," तो सांगायचा. "फटीतून झळ येती, आन् झळ आली की कोंबडी गेली."

आणि ह्यात खोट काढायला जागा नव्हती. बाहेर डांबर वितळायचं आणि जिलानीच्या शेडात कोंबड्या आरामात दाणे टिपायच्या. जळकोटपासून पार नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत त्याला बोलावणी यायला लागली. लोक फोनवर विचारायचे, जिलानीभाई, असं झालंय, काय करू? उत्तर ठरलेलं. ओलं ठेव, झाकून ठेव. ह्या मुलखात पाणी टँकरनं येतं, कोरडं म्हणजे मरण आणि ओलं म्हणजे जीव हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्यामुळे कुणी त्याला दुसरा प्रश्न विचारला नाही.

जिलानीला लेक एकच, हुस्ना. दिली होती शिवणीला, मुरुडहून गाडीवर तासाभराच्या वाटेवर. नवरा जुबेर भिवंडीला गोदामात कामाला. सासरा कलीम मितभाषी माणूस, बोलेल ते करणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं, नवरा तिकडं आणि बायको इकडं हे काही बरं दिसत नाही, सूनबाईनं भिवंडीला जावं. जिलानीला ते पटेना. भिवंडी काय जवळ आहे? वर्षाकाठी ईदला दिसली तर दिसली. तो उठला, शिवणीला गेला आणि समध्यापुढं, म्हणजे व्याह्यापुढं, बसून म्हणाला, "कलीमभाई, पोरीला शेड टाकून द्या. चाललं तर जुबेरलाच इकडं बोलवा. दोघं मिळून बघतील."

"आन् उन्हाळ्यात कोंबड्या मेल्या तर?"

"माझं बारदान असताना? थट्टा करून राहिलात काय!"

कलीमनं पत्र्यांचा, खाद्याचा खर्च विचारून घेतला. मग म्हणाला, "एक उन्हाळा बघतो. निभावलं तर जुबेर येईल. न्हाई निभावलं तर पत्रे उतरवायचे आन् पोरीनं भिवंडीला जायचं. मग मधी बोलायचं न्हाई, समधी." जिलानीनं छातीवर हात ठेवून कबूल केलं. घरी येऊन रजियाला सांगितलं तेव्हा ती भिंतीला म्हणाली, "पोरगी आपली आन् शब्द कोंबड्यांच्या जिवावर." जिलानीनं ऐकलं नाही असं दाखवलं.

उन्हाळा असा पेटला की विचारू नका, पण हुस्नाचं शेड तगलं. पोरगी कष्टाळू. पहाटे खाद्य घालायची, दुपारी खाद्याची भांडी वर उचलायची, पाण्यात गूळ-लिंबू कालवायची, आणि बारदान वाळलं रे वाळलं की पाइपाचा नळ सोडायची. बारदान घटका दोन घटकांत खडखडीत व्हायचं, पुन्हा भिजवायचं. कोंबड्या भरल्या, वजनाला आल्या. गाडी येऊन माल उचलणार ते आता आज-उद्यावर आलं होतं. कलीमनं जुबेरला फोन करून सांगितलंसुद्धा, कामाचं आवरतं घे म्हणून. हुस्ना फोनवर हसायला लागली होती. लग्नानंतर जिलानीनं तिचं ते हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग आभाळ आलं.

पावसाचं नव्हे. पाऊस लांबच होता. सकाळी उठून बघतात तर आभाळ राखाडी, खाली उतरलेलं, आणि ऊन गायब. मुरुडचे लोक खुशीत आले. चला, सूर्यानं आज सुट्टी घेतली, असं चहाच्या हॉटेलात बोलणं चाललं. पण कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. रस्त्यावरचा कागदाचा कपटा पडल्या जागी पडून होता. सदरा पाठीला चिकटला तो सुटेना. दिवस वर आला तसं गदमदायला लागलं, नुसतं बसलं तरी जीव घाबरा व्हावा असं.

रजियानं आदल्या दिवशी घातलेले पापड गच्चीवर जाऊन चाचपले आणि तसेच परत आणले. "वाळंनात," ती भिंतीला म्हणाली. "आजची हवा बरी न्हाई."

"ऊन न्हाई तर पापड वाळतील कसे? काय बी बोलायचं," जिलानी म्हणाला. पण पंख्याखालून उठून दोनदा दारात जाऊन तो आभाळ बघून आला.

जेवण झालं न झालं तोच हुस्नाचा फोन आला.

"अब्बा, इकडं वारं पडलंय. कोंबड्या लई धापा टाकून राहिल्यात."

"लाईट हाय का?"

"न्हाई. मघाच गेली. पंखे बंद हायत. अब्बा, एक विचारू? सकाळी बारदान भिजवलं ते अजून वाळलंच न्हाई. हात लावला तर चिंब हाय."

जिलानी खूश झाला. ह्या मातीत आयुष्य गेलेल्या माणसाला ओलं राहिलेलं फडकं बघून दुसरं काय वाटणार? "मग बरकत म्हण की! पाणी वाचलं."

"आत लई कोंदलंय, अब्बा. डोळे चुरचुरायलेत. मी एका अंगाचं बारदान वर घेऊ का?"

"खबरदार! हात लावशील तर बघ. साऱ्या उन्हाळ्याची मेहनत घालवतीस काय? धापा टाकून राहिल्यात म्हंजे उष्णता वाढली. नळ पुरा सोड. आत बी पाणी मार, कोंबड्यांच्या अंगावर मार."

पलीकडून पोरीनं होकार दिला, "हाव, अब्बा."

फोन ठेवला आणि जिलानीला चैन पडेना. कारण सांगता येईना, पण तो "हाव" कानात घुमत राहिला. त्यानं जुनी मोटरसायकल काढली. पंचा भिजवला, पिळला, डोक्याला गुंडाळला. उन्हाळ्यात घरातून निघताना तो हे करायचाच. अर्ध्या वाटेत पंचा वाळून टोपीसारखा कडक व्हायचा, तोवर डोकं कसं गार राहायचं. रजिया दारात आली. "मी येऊ का?" तिनं आज भिंतीला नाही, सरळ त्याला विचारलं. त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बोरीबाभळी तसबिरीत असाव्यात तशा उभ्या. एका म्हशीनं जीभ बाहेर काढली होती. आभाळ असं टेकलं होतं की मुलखावर कुणी झाकण घातलंय असं वाटावं. अर्ध्या वाटेवर एक टँकर आडवा वळत होता म्हणून जिलानीला थांबावं लागलं. गाडी थांबली तशी अंगाला लागणारी वाऱ्याची झुळूक संपली, आणि त्याच्या लक्षात आलं की डोकं भणभणतंय. पंच्याखाली नुसती भट्टी पेटली होती. त्यानं पंच्याला हात लावला. पंचा चिंब होता. घरातून गुंडाळला तसाच्या तसा. त्यातून कढत पाणी मानेवर ओघळत होतं.

जिलानीनं पंचा ओढून काढला. हवा टाळूला लागली तेव्हा कुठं जीवात जीव आला.

तो पंचा हातात धरून उभा राहिला आणि त्याला त्याचा बाप दिसला. आभाळ भरून आलं की बाप सगळ्या ताट्या गुंडाळून वर बांधायचा. सारी दारं-खिडक्या सताड उघडी टाकायचा आणि म्हणायचा, "आज ताटीला सुट्टी." पोरवयात जिलानीला वाटायचं, बापाला कामाचा कंटाळा आलाय. कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बापानं सांगितलं असतं, की पाणी गार करत नाही रे, पाण्याचं वाळणं गार करतं. हवाच ओली झाली, वारा पडला, की वाळणार काय? मग ओली ताटी म्हणजे नुसता दाराला बोळा.

"या अल्ला," जिलानी म्हणाला. त्यानं हुस्नाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पोरगी दोन्ही हातांनी पाइप धरून उभी असणार, बापानं सांगितलं म्हणून. तिसऱ्यांदा लावला आणि वाजत असतानाच खिशात टाकून त्यानं गाडी अशी हाणली की टँकरवाला शिवी द्यायलाही विसरला.

हुस्नाच्या शेडाचा कलकलाट रस्त्यावरूनच ऐकू यायचा. जिलानी एरवी तो ऐकून खूश व्हायचा. आज गाडी बंद केली आणि नुसती पाण्याची टिपटिप ऐकू आली. दोन्ही अंगांचं बारदान काळंभोर भिजलेलं, खाली चिखल. वारा नाही, आवाज नाही. दाराशी पोचायच्या आधीच ओल्या विष्ठेचा उग्र वास नाकात घुसला.

त्यानं दार ओढलं. आतली गरम वाफ तोंडावर आली. हुस्ना मध्ये उभी होती, नखशिखांत भिजलेली, ओढणी तोंडाला बांधलेली, हातात पाइप. ती अजूनही पाणी मारतच होती. मेलेल्या कोंबड्यांवर मारत होती.

"अब्बा, लई पाणी मारलं," ती म्हणाली. "थांबलेच न्हाई मी. तरी पडतच राहिल्या."

शेडाच्या मध्यावर थोड्या कोंबड्या माना ताणून, पंख पसरून तग धरून होत्या. बाकीच्या सगळ्या दोन्ही जाळ्यांकडं गेल्या होत्या. वारा जिकडून येतो ती बाजू कोंबडीला कुणी शिकवावी लागत नाही. तिथं एकीवर एक ढीग झाला होता, आणि खालच्या थरातल्या कोंबड्यांच्या चोची जाळीतून बाहेर निघून बारदानात रुतल्या होत्या. त्या शिवणीत सुई शिरायलाही जागा नव्हती. जिलानीनंच शिवली होती ती.

त्यानं दोन्ही हातांनी शिवण ओढली. सुटेना. दात लावले. सुटेना. "विळा दे! विळा!" तो ओरडला. हुस्नानं कोपऱ्यातला विळा आणून दिला आणि त्यानं वळचणीपासून खालपर्यंत बारदान टराटरा फाडत नेलं. एक अंग उघडलं, मग दुसरं. वारा काही आला नाही, वाराच नव्हता कुठं. पण कोंदलेली वाफ बाहेर पडली. बापलेकीनं मिळून जित्या कोंबड्या उचलून उचलून बाहेर बाभळीखाली नेल्या. काही हातातच गेल्या. हुस्ना रडत नव्हती, ह्याचीच जिलानीला जास्त भीती वाटत होती.

तेवढ्यात बांधावरून कलीम आला. दारात थांबला. आतलं बघितलं, बाहेरचं बघितलं.

"तौबा," तो म्हणाला. "हे कसं झालं?"

जिलानीनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी हुस्ना बोलली. सासऱ्याला ती मामू म्हणायची.

"माझी चूक हाय, मामू. अब्बांनी सांगितलं व्हतं, आभाळ आलं की बारदान वर घे म्हणून. मीच इसरले."

आणि काय सांगावं, जिलानीला क्षणभर बरं वाटलं. नाव राहिलं, असं वाटून गेलं. दुसऱ्या क्षणाला त्याला स्वतःची शिसारी आली. तरीही जीभ हलेना. साठी उलटलेली जीभ, एकच बाजू बोलायची सवय.

कलीमनं मान हलवली. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. "मग बोलणं झालं तसं करू, पोरी. जुबेरला कळवतो, येऊ नको म्हणून. पत्रे उतरवू. तू सामान बांध."

"हाव, मामू," हुस्ना म्हणाली. बापाला म्हणाली होती त्याच आवाजात.

जिलानीच्या खिशातला फोन वाजला. त्यानं भान नसल्यासारखा कानाला लावला. विष्णुपुरीची महानंदा होती. धरणाजवळ तिचं शेड, ह्याच उन्हाळ्यात त्यानं बारदान बांधून दिलं होतं. बाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की कलीमलाही ऐकू जात होतं.

"भाऊ, आभाळ भरलंय! कोंबड्या कशातरीच करायल्यात. बारदान अजून भिजवू का?"

जिलानीनं समध्याकडं बघितलं. मग लेकीकडं. हुस्ना हळूच मान हलवत होती, बोलू नका, म्हणून.

"न्हाई, बाई," जिलानी म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. "न्हाई! पाणी बंद कर आधी. बारदान सगळं वर घे, न्हाई निघालं तर फाड. वारा खेळू दे. प्यायला गार पाणी दे, खाद्य उचल. मी आजवर सांगितलं त्याच्या उलटं कर सगळं." तो थांबला. "माझ्या पोरीनं मला विचारलं व्हतं, वर घेऊ का म्हणून. मी म्हणलो, हात लावू नको. तिनं ऐकलं माझं. तिचं शेड गेलं, महानंदाबाई. तू ऐकू नको."

फोन बंद झाला. बाभळीखाली कोंबड्यांच्या धापांचा आवाज तेवढा येत होता.

कलीम सुनेकडं वळला. "मग खोटं काहून बोललीस?"

"बाप हाय माझा," हुस्ना म्हणाली, आणि आता मात्र ती रडायला लागली. चिखलात मटकन बसली, भिजलेली ओढणी तोंडात कोंबून.

कलीम उघड्या पडलेल्या शेडात एकदा आत जाऊन आला. वाचलेल्या कोंबड्या त्यानं उभ्या उभ्या बघितल्या. मग म्हणाला, "पोरीनं तिचं काम केलं. तिच्या हातानं न्हाई मेल्या त्या. शेड राहील. जुबेर येईल." जिलानीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पण कलीमचं बोलणं संपलं नव्हतं. "पण समधी, तुमचं बारदान ह्या शेडला परत न्हाई लागायचं. आन् तुम्ही घरी या, बसा, जेवा, नातवंडं झाली की खेळवा. ह्या शेडात पाय ठिवायचा न्हाई. कधीच न्हाई."

लेक जवळ राहणार होती, त्यानं मागितलं तेवढं त्याला मिळालं होतं. जिलानी शेडाच्या उंबऱ्यावरून खाली उतरला आणि बाहेर चिखलात उभा राहिला.

फोन पुन्हा वाजायला लागला. जळकोटच्या संगमेश्वर शेडवाल्याचा. जिलानी नुसता बघत राहिला. त्याच्या मागं अजून किती वाजणार होते, ह्याचा हिशेब त्याचा त्यालाच माहीत. ह्या दोन जिल्ह्यांत कुठं कुठं त्यानं बारदानं शिवली होती, आणि त्या सगळ्यांवर हेच आभाळ होतं.

"उचला, अब्बा," चिखलात बसल्या बसल्या हुस्ना म्हणाली. "त्यांच्या अजून जित्या असतील."

त्यानं उचलला.

"जिलानीभाई, आज तर बारदान वाळतच न्हाई!" संगमेश्वर खुशीत सांगत होता. "लई पाणी वाचलं बघा!"

"विळा हाय का जवळ?" जिलानीनं विचारलं.